जुने प्राईमर किती वर्षं टिकतात? (सासऱ्यांची पेटी उघडली आणि डोकं चक्रावलं)

जुनाट_पेटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय तेव्हा चुकलं माकलं सांभाळून घ्या. माझे सासरे गेल्या वर्षी गेले, माणूस आयुष्यभर नेमबाजीच्या नादातला, काडतुसं स्वतः भरायचे आणि विकतच्या काडतुसांना नाकं मुरडायचे. त्यांचं रीलोडिंगचं सगळं सामान माझ्याकडे आलंय कारण घरात तो किडा असलेला मी एकटाच. परवाना, कागदपत्रं सगळं रीतसर झालंय, हे आधीच सांगतो म्हणजे पहिले दहा प्रतिसाद त्यावर जायला नकोत.

प्रेस, डाय, वजनकाटा हे ओळखीचं होतं पण कपाटात अगदी खाली एक लाकडी पेटी निघाली, तिच्यात नुसते प्राईमर (काडतुसाच्या बुडात बसणारी, ठोक्याने ठिणगी पाडणारी टोपी). लार्ज रायफलचे तीन ब्रिक (हजार प्राईमरचा एक खोका), वर पेन्सिलने १९८७ लिहिलंय. स्मॉल पिस्टलचे दोन, त्यांच्यावर २००९. १९८७ वाल्यांपैकी एका ब्रिकचा खालचा पुठ्ठा पाण्याचा डाग पडून फुगलाय, आतल्या दोन ट्रेमधल्या टोप्यांच्या कडेला हिरवट काहीतरी धरलंय. आणि सगळ्यात मागे फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी, अर्धी भरलेली, सुटे प्राईमर, लहान मोठे एकत्र, काही पितळी काही चंदेरी.

तर एक म्हणजे इतके जुने प्राईमर चालतील का, दुसरं म्हणजे चालणार असतील तर पुढे ठेवायचे कसे, आणि बरणीचं काय करू. फेकवत नाही, सासऱ्यांनी जीव लावून जमवलेलं आहे.

छर्रेबाज

अहो बिनधास्त वापरा! प्राईमर काय दूध आहे का नासायला. माझ्याकडे वीस-बावीस वर्षांपूर्वीचे आहेत, एकही बार फुसका गेला नाही आजवर. बरणीतले एका ताटात ओता, तांदूळ निवडतात तसे लहान मोठे वेगळे करा आणि भरा काडतुसं. :)

नेमबाज_ताई

छर्रेबाज, तुमचा पहिला मुद्दा मान्य, दुसरा अजिबात नाही. पेटीदादा, तुम्ही हा प्रतिसाद वाचत असाल तर ती बरणी आहे तिथेच राहू द्या, उघडू नका, हलवून बघू नका, आणि ओतायचा तर विचारही नको.

सांगते का ते. कंपनीच्या पॅकिंगमध्ये १०० प्राईमरचा एक ट्रे असतो आणि प्रत्येक प्राईमर आपापल्या खाचेत वेगळा बसलेला असतो, तो काही सुबक दिसावा म्हणून नाही. एक उडाला तर शेजारचा उडू नये, निदान सगळे एकदम उडू नयेत म्हणून. बरणीत सगळे एकमेकांना चिकटून, एकाची ऐरण (आतला धातूचा तुकडा) दुसऱ्याच्या टोपीवर टेकलेली. एक फुटला की सगळी बरणी एकाच क्षणी फुटते आणि काचेचे तुकडे वरून. शिवाय सुटे प्राईमर एकमेकांवर घासून आतल्या स्फोटक मसाल्याची पूड झडते, ती तळाशी साचते, फिरकीच्या आट्यांत जाऊन बसते, आणि तुम्ही झाकण फिरवता तेव्हा नेमकी तीच पूड घासली जाते. उत्पादक मंडळी सुटे प्राईमर बरणीत ठेवू नका असं कानीकपाळी ओरडून सांगतात ते यासाठी.

तुमच्या भागातल्या पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला फोन करून सरळ सांगा, वारशात जुने सुटे प्राईमर मिळालेत, कसे सोपवू. स्वतः गाडीत टाकून ठाण्यावर घेऊन जाऊ नका, त्यांना विचारून ते म्हणतील तसं करा.

जुनाट_पेटी

बापरे. ताई, मी ती बरणी काल हातात धरून कानाशी हलवली होती, किती आहेत ते बघायला.

शंकासुर

कानाशी!! वाचलात राव.

लोहारकाम

ताईंना +१०० बरणीबद्दल. आता मूळ प्रश्नाकडे. मोठा प्रतिसाद होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्राईमर म्हणजे काय ते नव्या लोकांसाठी दोन ओळीत. पितळेची इवलीशी टोपी, तिच्यात स्फोटक मसाल्याची चकती, तिच्यावर कागदाची किंवा लाखेची झाकणी, आणि वर दोन किंवा तीन पायांची ऐरण. फायरिंग पिन टोपीवर आदळते, मसाला टोपी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडला जातो, ठिणगी काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या भोकातून आत दारूपर्यंत जाते. हा बॉक्सर प्रकार, रीलोडिंगवाले बहुतेक हाच वापरतात. बर्डन प्रकारात ऐरण प्राईमरमध्ये नसून पुंगळीतच असते. गंमत अशी की बॉक्सर हा ब्रिटिश अधिकारी आणि बर्डन अमेरिकन, दोघांची कल्पना १८६६ च्या आसपासची, आणि आज अमेरिकेत बॉक्सर चालतो तर युरोपातल्या कितीतरी लष्करी काडतुसांत बर्डन, म्हणजे दोघांनी घरं बदलली.

आता टिकाऊपणा. नीट ठेवलेला प्राईमर दारूच्या आधी मरत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. धूररहित दारू ही नायट्रोसेल्युलोजची, ती स्वतःहून हळूहळू सडत असते, म्हणून तिच्यात स्टॅबिलायझर घातलेला असतो आणि तो संपला की दारू गेली, आंबट वास, तांबूस धूर वगैरे. प्राईमरच्या मसाल्याचं तसं नाही, त्याला असं आतलं घड्याळ लावलेलं नसतं. त्याला मारतं ते बाहेरचं. दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं लोक आजही उडवतात आणि ती उडतात, कारण त्यांचे प्राईमर लाखेने बंद केलेले आणि पेट्या टिनच्या सीलबंद. तेव्हा १९८७ हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही, घाबरायचं त्या पाण्याच्या डागाला.

क्षारवाला

लोहारकाम यांनी छान लिहिलंय, रसायनाची बाजू मी थोडी भरतो (पोटापाण्याचा धंदाच तो आहे).

आजच्या नेहमीच्या प्राईमरमध्ये मुख्य लेड स्टिफ्नेट, ऑक्सिजन पुरवायला बेरियम नायट्रेट, इंधन म्हणून अँटिमनी सल्फाईड, कधी अॅल्युमिनियमची पूड, आणि ठोक्याला चटकन दाद द्यावी म्हणून थोडं टेट्राझीन. यातलं स्टिफ्नेट भलतंच टिकाऊ, कोरड्या जागी वर्षानुवर्षं त्याला काही होत नाही. नाजूक आहे ते टेट्राझीन. त्याला उष्णता सोसत नाही, उकळत्या पाण्यात तर ते सरळ मोडतं. आता कुणी प्राईमर उकळत नाही पण पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात उभ्या गाडीची डिकी, तिथे महिनोन् महिने राहिलेल्या प्राईमरचं टेट्राझीन हळूहळू खंगत जातं. मग होतं काय, तर प्राईमर मेलेला नसतो, आळशी झालेला असतो. कडक स्प्रिंगच्या रायफलमध्ये उडतो आणि हलका ट्रिगर करून घेतलेल्या पिस्तुलात उडत नाही. आणि माणूस पिस्तुलाला शिव्या घालतो.

जुन्या काळचा मसाला वेगळा होता. मर्क्युरी फल्मिनेट, म्हणजे हॉवर्डने १८०० साली लोकांपुढे आणलेला आणि फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये ज्यावर चापाचं पेटंट घेतलं तो. (हा पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन, चकमकीच्या बंदुकीची ठिणगी बघून पक्षी उडून जायचे म्हणून वैतागला होता.) हे फल्मिनेट मात्र साठवणीत खरोखर खराब व्हायचं, गरम हवेत जास्तच, आणि त्यातला पारा पितळेची पुंगळी ठिसूळ करून टाकायचा. नंतर आले पोटॅशियम क्लोरेटवाले, ते टिकायचे चांगले पण उडाल्यावर नळीत मीठ सोडायचे, ते हवेतलं पाणी ओढून नळी गंजवायचं. म्हणजे "जुने प्राईमर वाईट" ही जी समजूत आहे तिचा अर्धा भाग त्या पिढीतून आलाय. १९८७ चे नागरी बाजारातले प्राईमर त्यातले नाहीत.

शंकासुर

म्हणजे ओलावा लागला की प्राईमर मेला असंच ना? मग ज्यांना नको आहेत त्यांनी सरळ तेलात किंवा पाण्यात बुडवावेत, विषय संपला. पेटीदादांच्या बरणीत पण ओतून टाका तेल.

क्षारवाला

नाही नाही नाही. हा समज फार पसरलाय आणि धोक्याचा आहे. कारखान्यात मसाला टोपीत भरतात तोच मुळी ओला असताना, कारण ओला असला की तो शांत असतो. मग वाळवतात. म्हणजे पाण्याने तो तात्पुरता झोपतो, वाळला की पुन्हा जागा होऊ शकतो. तेलाचंही तेच, लोकांनी प्राईमर तेलात, गंज सोडवायच्या स्प्रेत दिवस दिवस बुडवून मग उडवून बघितलेत आणि त्यातले बरेच खुशाल उडालेत, कारण लाखेची झाकणी असते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसगत. ज्याला तुम्ही मेलेला समजून कचऱ्यात टाकता तो जिवंत असतो, आणि ज्याला जिवंत समजून भरता त्याच्या मसाल्याची एक कड भिजून गेलेली असते.

शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. धड उडत नाही, धड गप्प बसत नाही. ठिणगी अशक्त, दारू उशिरा पेटते किंवा अर्धवट पेटते.

नेमबाज_ताई

हो, आणि ते अनुभवलंय मी. एका सरावाच्या दिवशी चाप ओढला, टक्, काही नाही. मी नळी समोरच ठेवून मनात आकडे मोजत उभी. शेजारचा नवा मुलगा म्हणतो ताई बोल्ट उघडा ना, आणि तेवढ्यात धाड. दीड-दोन सेकंदच गेले असतील पण मला ते अजून लांब वाटतात. तेव्हापासून टक् झालं की किमान ३० सेकंद नळी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, घाई नाही. आणि "धाड" ऐवजी "फट्" असा पोकळ आवाज आला तर पुढची गोळी अजिबात नाही, आधी नळी रिकामी करून आरपार बघायची, गोळी मध्ये अडकलेली असू शकते.

जुनाट_पेटी

धन्यवाद सगळ्यांना, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मग ते हिरवट ट्रे?

लोहारकाम

हिरवट म्हणजे पितळेला चढलेला गंज, तिथे ओल पोचली होती याचा पुरावा. नुसता रंग काळवंडला असेल, पितळ मंद झालं असेल तर काही नाही, जुनं पितळ काळवंडतंच. पण हिरवं पीठ धरलं, टोपीच्या कडेला खड्डे पडले तर ते भरायचे नाहीत. त्या दोन ट्रेना बाजूला काढा. त्या ब्रिकमधले बाकीचे आठ ट्रे वेगळ्या संशयित गटात, दुसऱ्या दोन ब्रिकमध्ये मिसळू नका.

अवांतर: पितळ आणि ओल यावरून आठवलं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडं पडलं होतं, पावसाळा आला की साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला इंग्रजीत "सीझन क्रॅकिंग" नावच पडलं. १९२१ मध्ये जाऊन उलगडा झाला, काडतुसं तबेल्यात ठेवायचे, घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत पितळेला लागायचा आणि ताण असलेलं पितळ फुटायचं. प्राईमरची टोपीही पितळच. तेव्हा नळी साफ करायचं अमोनियावालं सॉल्व्हंट आणि प्राईमर एका कपाटात नकोत, झाकण सैल राहिलं की तोच तबेला.

छर्रेबाज

हे भारी आहे, माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

बरणीबद्दल माझं चुकलं, मान्य.

तळघरातला

उशिरा आलो. पुढे ठेवायचे कसे यावर माझा सोपा उपाय. लष्करी लोखंडी काडतूसपेटी घ्या, रबरी गास्केटवाली, आत सिलिका जेलच्या पुड्या, झाकण दाबून बंद, विषय संपला. पंधरा वर्षं तसेच ठेवतोय, आजवर एक टोपी काळी पडलेली नाही.

नेमबाज_ताई

तळघरकाका, ओलीचा प्रश्न सुटतो हे खरं, पण सामीची (अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांची संस्था, १९२६ पासूनची) शिफारस नेमकी याच्या उलट आहे. हवाबंद डब्यात प्राईमर ठेवू नका, आणि कपाट करायचं तर लाकडाचं, किमान एक इंच जाडीच्या फळ्यांचं, त्यात फक्त प्राईमर.

तळघरातला

लाकडाचं? आग लागली तर लाकूड जळतं, लोखंड जळत नाही. हे मला कधीच पटलं नाही.

लोहारकाम

काका, लोखंड जळत नाही पण तापतं, आणि लगेच तापतं. जाड लाकूड बाहेरून जळत राहतं तरी आतली जागा बराच वेळ थंड राहते, तेवढ्यात माणसं बाहेर पडतात. आणि ताप आत पोचलाच तर मूळ पॅकिंगमधले प्राईमर फटाफट एक एक करत उडतात, लाकडी कपाट वाफ धरून ठेवत नाही. तुमची पेटी गास्केट लावून, क्लिप दाबून बंद. आत उडालेल्या प्राईमरचा वायू जाणार कुठे? पेटी स्वतःच फुटते, तीन मिलिमीटरच्या टोपीऐवजी लोखंडाचा पत्रा उडतो. आग विझवायला आलेल्या पोराच्या दिशेने.

तळघरातला

हम्म. त्या बाजूने विचार केला नव्हता. पण मग तळघराच्या ओलीचं काय करू, लाकडी कपाट तर ओल पिणार.

नेमबाज_ताई

मुळात तळघरच का? माळा आणि तळघर या घरातल्या दोन सगळ्यात वाईट जागा, एकीकडे ऊन दुसरीकडे ओल. जिथे तुम्ही स्वतः वर्षभर बिनतक्रार झोपू शकता ती खोली प्राईमरला चालते. आतल्या भिंतीला लागून, जमिनीपासून वर, चूल-हीटर-पाण्याच्या पाईपपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही असं कुलूपबंद. मी लाकडी कपाटात सिलिका जेलचा डबा ठेवते, रंग बदलणारा, रंग बदलला की तो डबा स्वयंपाकघरात... सॉरी, ओव्हनमध्ये वाळवून परत. (प्राईमर नाही, फक्त जेल! शंकासुर आहेत म्हणून लिहून ठेवते.)

शंकासुर

:D :D घेतलं हलकेच.

पण एक खरा प्रश्न. थंड ठेवल्याने टिकतात तर फ्रीजमध्ये का नको?

क्षारवाला

कारण थंडीपेक्षा चढउतार जास्त घातक. फ्रीजमधून काढलेल्या भांड्याला बाहेर आल्यावर घाम फुटतो ना, तसाच थंड ब्रिक दमट खोलीत उघडला की प्रत्येक टोपीवर बारीक पाणी धरतं, आणि हे दर वेळी. कमी-जास्त तापमानाच्या शेडमध्ये ठेवलेल्या मालाचं रोज हेच होत असतं, दिवसा श्वास आत, रात्री दव. एकसारखं २० अंश असेल तर उत्तम, २५ असलं तरी चालेल, पण रोज १० ते ४० नको. आणि कुठूनही थंड जागेतून आणलेला ब्रिक असेल तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच सील तोडा, रात्रभर राहू द्या खुशाल.

रात्रपाळी

मध्येच घुसतो. प्राईमर आणि दारू एका कपाटात ठेवता येतात का? जागा कमी आहे.

लोहारकाम

नाही. एक आग लावणारा आणि एक जळणारा, दोघांना एका खोलीत कोंडायचं नाही. शिवाय दारूचा एखादा डबा आतून सडायला लागला तर त्यातून आम्लाची वाफ येते, ती शेजारच्या पितळेला आणि लोखंडाला खाते. आणि किती ठेवायचे त्यालाही मर्यादा असते, अमेरिकेत एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत घरी १०,००० प्राईमर ही सीमा आहे, दुसरीकडे आकडे आणि अटी वेगळ्या, आपापल्या ठिकाणचं बघून घ्या. विम्यावाल्याला विचारणं पण वाईट नाही.

जुनाट_पेटी

म्हणजे माझ्याकडे पाच ब्रिक, ५,००० होतात, अधिक बरणी. ठीक. आता चाचणी कशी करू? सगळे भरून टाकून मग कळलं की निम्मे फुसके, असं नको.

लोहारकाम

बरोबर, आधी चाचणी. प्रत्येक गटातून वेगवेगळ्या ट्रेमधले घ्या, वरचेच दहा उचलू नका. पहिली पायरी, नुसत्या रिकाम्या पुंगळीत प्राईमर बसवून, दारू नाही गोळी नाही, रेंजवर कान-डोळे झाकून उडवा. उडतो की नाही एवढंच कळतं यात, पण स्वस्तात कळतं. आवाज बघा, सगळे सारखे का एखादा पिचका.

दुसरी पायरी जास्त महत्त्वाची. एकाच दारूच्या डब्यातून, एकाच वजनाने वीस काडतुसं जुन्या प्राईमरने आणि वीस ताज्या प्राईमरने भरा आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) वेग घ्या. सरासरी वेग जवळपास आणि फरकाचा पसारा सारखा असेल तर प्राईमर तरुण आहेत. जुन्यांचा पसारा दुप्पट-तिप्पट दिसला तर ते उडतात पण ठिणगी एकसारखी नाही, मग ते ५० मीटरच्या सरावापुरते. आणि प्राईमर बदलला की लोडची (काडतुसातल्या दारूच्या मापाची) कमाल मर्यादा तशीच धरायची नाही, दारू १० टक्के खाली आणून पुन्हा वर चढायचं.

आता एक गोष्ट नीट वाचा कारण निम्म्या "जुन्या प्राईमर"च्या तक्रारी इथे मरतात. एखादा पहिल्या ठोक्याला नाही उडाला आणि (३० सेकंदांनंतर) दुसऱ्या ठोक्याला उडाला, तर दोष बहुतेक प्राईमरचा नसून बसवण्याचा. ऐरणीचे पाय पुंगळीच्या खाचेच्या तळाला टेकले पाहिजेत, मसाला किंचित दाबला गेला पाहिजे. प्राईमर वर राहिला असेल तर पहिल्या ठोक्याचा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो. बसवल्यावर बोटाचं टोक पुंगळीच्या बुडावरून फिरवा, प्राईमर बुडापेक्षा जरासा खोल लागला पाहिजे, इंचाचे ३ ते ५ हजारांश भाग. बोटाला समजतं ते, नखाला अडखळलं की चुकलं. मी भरलेली प्रत्येक पुंगळी टेबलावर उभी करतो, डोलली की प्राईमर वर आहे.

छर्रेबाज

डोलणारी पुंगळी, हे लै खास. मी इतकी वर्षं बोट फिरवायचो फक्त.

रात्रपाळी

न उडालेला प्राईमर पुंगळीतून काढून टाकायचा का?

नेमबाज_ताई

जिवंत प्राईमर डायने ढकलून काढू नका. लोक करतात, हळू दाबलं तर काही होत नाही असंही म्हणतात, पण हळू म्हणजे किती हे त्या प्राईमरला माहीत नसतं. एकदा फायरिंग पिन बसलेला, मसाला आतून तडकलेला, ऐरण सरकलेली, त्याला परत खालून सळई घालायची कशाला. मी असली पुंगळी वेगळी ठेवते आणि क्लबच्या रेंज ऑफिसरकडे देते. आणि हो, प्रेसच्या प्राईमर भरायच्या नळीत उरलेले प्राईमर महिनाभर तसेच ठेवायची सवय असेल तर सोडा. ती नळी म्हणजे उभी केलेली बरणीच, आणि उरलेले परत ट्रेमध्ये घालायचे तर त्यांच्याच मूळ ट्रेमध्ये, "सारखेच दिसतात" म्हणून दुसऱ्यात नाही. स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल दोघांचाही व्यास ०.१७५ इंच, डोळ्याला कळत नाही, टोपीच्या जाडीत फरक असतो.

काम झालं की हात साबणाने धुवा, ट्रेच्या पुडीत शिसं असतं.

तळघरातला

ताई, लोहारकाम, तुमचं ऐकून आज गास्केट खेचून काढलं, पेट्या वर आणल्या. सुताराला फळ्या सांगितल्यात. अजूनही वाटतं लोखंड बरं दिसतं, पण असो.

जुनाट_पेटी

तीन आठवड्यांनी परत आलो, धाग्यावर धूळ बसायच्या आत वृत्तांत देतो.

बरणी गेली. फोन केल्यावर दोन माणसं घरी आली, मी वाट बघत होतो ओरडा बसेल म्हणून, पण त्यातला मोठा म्हणाला की अशा बरण्या दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे निघतातच. जाड पेटीत वाळू घालून नेली. जाताना विचारलं, हलवली नाहीत ना. मी गप्प.

२००९ चे पिस्टल प्राईमर, तीस रिकाम्या पुंगळ्यांत, तीसही उडाले. १९८७ चे कोरडे दोन ब्रिक, त्यातलेही तीस, एक पहिल्या ठोक्याला गेला नाही, थांबलो, दुसऱ्याला उडाला. मग लोहारकाम म्हणाले तसं उरलेल्या बसवलेल्या पुंगळ्या टेबलावर उभ्या केल्या तर दोन डोलत होत्या! म्हणजे हात माझाच कच्चा. क्रोनोग्राफवर जुने आणि ताजे यांच्यात मला तरी फरक दिसला नाही.

डाग पडलेल्या ब्रिकमधले हिरवे दोन ट्रे मी काढले नव्हतेच चाचणीला, बाकीच्यांतले वीस घेतले. चार अजिबात नाही. आणि दोन असे पिचके वाजले की मी कानावरचं काढून बघितलं खरंच उडाला का. वरच्या ट्रेमधले होते ते दोन, ज्यांच्यावर काहीच दिसत नव्हतं, पितळ चकचकीत. तो सगळा ब्रिक त्या बरणीवाल्यांनाच परत फोन करून देणार.

एक बारीक गोष्ट लक्षात आली. त्या भिजलेल्या पुठ्ठ्यावर कंपनीच्या लॉट नंबरची शाई पसरून गेलीय, वाचता येत नाही. सासऱ्यांची पेन्सिल मात्र जशीच्या तशी, १९८७ आणि खाली बारीक अक्षरात "खालच्या कप्प्यात नको". बहुतेक एकदा वर ठेवले असणार आणि नंतर कुणीतरी खाली सरकवले, कदाचित मीच, सामान आणताना. आता प्रत्येक ट्रेवर पेन्सिलनेच तारीख घालतोय, जुने पुढे नवे मागे.

शंकासुर

छान वृत्तांत. आता त्याच कपाटातले दारूचे डबे उघडून वास घेतलात का?

जुनाट_पेटी

नाही अजून. सात डबे आहेत. त्याचा वेगळा धागा काढतो.